दुकानदाराच्या पश्चात् त्याचा परवाना

श्रोतेहो, तालुक्याच्या गांवीं बसथांब्यासमोर एक खानावळ आहे असें समजा. मालकानें पहाटे बाजारांतून भाजी आणावी, त्याच्या पत्नीनें चूल सांभाळावी, मुलानें गल्ल्यावर बसावें, असा तेथील वर्षानुवर्षांचा क्रम. एके रात्रीं मालक अकस्मात् वारतो. तेरावा होतो आणि चौदाव्या दिवशीं खानावळ पुन्हां उघडते. कारण घर तिच्यावरच चालतें, आणि गिऱ्हाईक कोणासाठीं फार दिवस थांबत नाहीं. भिंतीवर चौकटींत परवाना लटकत असतो, तो मात्र गेलेल्या माणसाच्या नांवाचा. घरांत कोणासहि त्यांत वावगें वाटत नाहीं. बापाचें तें मुलाचें, हा आपल्याकडील जुनाच समज आहे.

हा समज निम्मा खरा आहे. भांडीं, बांकें, कोठींतील धान्य, गिऱ्हाइकांकडे राहिलेली उधारी ही मालमत्ता होय, व ती मृत्यूबरोबरच वारसांकडे येते. परवाना ही त्या अर्थानें मालमत्ता नव्हे. अमुक माणसानें अमुक जागीं अमुक धंदा करावा, अशी त्या माणसास सरकारनें दिलेली ती परवानगी आहे. ती आपोआप पुढें जात नाहीं. मागून घ्यावी लागते.

खाद्यपदार्थांच्या धंद्यापुरती यासाठीं कायद्यानेंच सोय केली आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, आणि त्याखालील परवान्यांचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून अमलांत आले. परवानाधारक वारल्यास त्याचा परवाना किंवा नोंदणी कायदेशीर वारसाच्या वा कुटुंबियांच्या लाभासाठीं ९० दिवस अस्तित्वांत राहते, असें हे नियम सांगतात. सबळ कारण असल्यास तें लेखी नमूद करून अधिकारी ही मुदत वाढवूं शकतो. या अवधींत वारसानें परवाना आपल्या नांवें करण्याचा अर्ज करावयाचा. अर्जदाराचें म्हणणें ऐकल्याविना व कारणें लिहिल्याविना तो फेटाळतां येत नाहीं. तेव्हां आमच्या खानावळीच्या बाईंनीं चौदाव्या दिवशीं चूल पेटविली यांत गैर असें कांहींच नाहीं. मात्र हे ९० दिवस मृत्यूच्या दिवसापासून मोजावयाचे असतात. पहिला महिना दुःखांत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांत जातो, दुसरा दाखले गोळा करण्यांत. मग हातीं उरतें तें फारच थोडें.

अर्ज हल्लीं संगणकावरून होतो आणि कचेरीचे निरोप मृताच्याच मोबाइलवर येतात. म्हणून तो क्रमांक घाईनें बंद करूं नये. परंतु त्याच्या नांवानें सही करणें, किंवा त्यानें सही करून ठेवलेले कोरे धनादेश वटविणें, हें कटाक्षानें टाळावें. मनांत खोट नसली तरी पुढें खुलासा करतांना फार जड जातें.

खरी अडचण बहुधा घरांतूनच निघते. अर्ज कोणी करावा? कोणीहि केला तरी इतर वारसांची लेखी संमति जोडलेली बरी. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें पत्नी, मुलगे आणि मुली यांच्याबरोबर मृताची आई हीहि पहिल्या वर्गांतील वारस आहे. लग्न झालेल्या मुलीची कधीं कधीं आठवण होते. म्हाताऱ्या आईची फारशी कोणास होत नाहीं. परवाना एकट्या मुलाच्या नांवें झाला म्हणून भांडींकुंडीं व उधारी एकट्याची होत नाहीं, हें त्या मुलास कोणीतरी वेळींच सांगावें. वारस कोण याविषयीं तंटा असल्यास महाराष्ट्रांत दिवाणी न्यायालयाकडून वारस दाखला घेतां येतो. तो ज्या कायद्याखालीं मिळतो तो कंपनी सरकारच्या काळचा, १८२७ सालचा आहे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल.

एक परवाना बदलला म्हणजे सर्व झालें, असेंहि नव्हे. खानावळीची वस्तु व सेवा कराखालीं नोंदणी असेल तर एकट्या मालकाचा तो क्रमांक वारसाच्या नांवें होत नाहीं. वारसानें स्वतःची नवी नोंदणी घ्यावयाची, व त्या अर्जाची मुदत ३० दिवसांची, म्हणजे ९० दिवसांच्या भरंवशावर राहणाऱ्यास ती चुकलेली कळतहि नाहीं. धंदा पुढें चालविणाऱ्यावर मृताच्या थकलेल्या कराची जबाबदारीहि येते. यासाठीं कागदांवर सही करण्यापूर्वीं जुन्या वह्या एकदां पाहून घ्याव्या.

फेरीवाल्यांची गोष्ट निराळी आहे. २०१४ च्या कायद्याप्रमाणें विक्रीप्रमाणपत्र असलेला फेरीवाला वारल्यास त्या प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत त्याच्या जागीं प्रथम पत्नीनें वा पतीनें, तें नसल्यास अवलंबून असलेल्या अपत्यानें विक्री करावी. तें प्रमाणपत्र कोणास विकतां येत नाहीं कीं भाड्यानेंहि देतां येत नाहीं.

राहतां राहिली जागा. ती भाड्याची असल्यास १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यांत, मालकाबरोबर त्या जागेंत धंदा करीत असलेल्या कुटुंबियाचा हक्क आधीं धरला आहे. बाई चुलीपाशीं आणि मुलगा गल्ल्यावर होता, याला येथें मोल येतें. म्हणून दोघांनीं जुन्या पावत्या, हिशेबाच्या वह्या जपून ठेवाव्या. आणि नवा परवाना येईपर्यंत भिंतीवरील चौकटीशेजारीं मृत्यूच्या दाखल्याची नक्कल व अर्जाची पोच लावून ठेवावी, म्हणजे तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यास विचारावें लागणार नाहीं.