जड स्तनांची शस्त्रक्रिया : आधी काय, नंतर काय?

पाठ भरून येते, मान धरते, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर खाचा पडतात, उन्हाळ्यात स्तनांखालची त्वचा ओली राहून चट्टे उठतात. अशा तक्रारी घेऊन आलेल्या भगिनी माझ्याकडे गोळ्या आणि मलम मागतात. शरीराच्या मानाने स्तन फार जड आहेत, हे मूळ कारण मात्र बहुधा मलाच विचारून काढावे लागते. यात लाजण्यासारखे काहीच नाही. तेल, मलम वा गोळ्यांनी स्तन लहान होत नाहीत. वजन उतरवल्यास थोडा फरक पडतो. त्रास तरीही राहिला, तर शस्त्रक्रिया हा उपाय आहे.

ही शस्त्रक्रिया साधारण दोन ते चार तासांत होते. तिचे यश मात्र आधीच्या महिन्यावर आणि नंतरच्या दीड महिन्यावर बरेचसे अवलंबून असते.

प्रथम मशेरीविषयी. डॉक्टर विचारतात, 'धूम्रपान करता का?' आणि आपल्याकडची बाई अगदी खरेपणाने 'नाही' म्हणते. मशेरीचे कोणी विचारत नाही, तीही सांगत नाही. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातील निकोटीन हिरड्यांवाटे रक्तात जाते आणि बारीक रक्तवाहिन्या आकसतात. या शस्त्रक्रियेत स्तनाग्र वर सरकवून नव्या जागी बसवतात, तेव्हा त्याचा रक्तपुरवठा बेताचाच असतो. तो आणखी घटला तर जखम उलते, क्वचित स्तनाग्र काळे पडून झडतेही. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे मशेरी, तपकीर, तंबाखू पूर्ण बंद हवी. 'मशेरीशिवाय पोट साफ होत नाही' असे म्हणणाऱ्यांनी रात्री भरपूर पाण्याबरोबर इसबगोल घ्यावे. पण डॉक्टरांपासून सवय लपवू नये.

दुसरे, औषधे. अ‍ॅस्पिरिन व काही वेदनाशामके रक्तस्राव वाढवतात. काढे, चूर्णे, वजन घटवण्याच्या गोळ्या यांचीही यादी डॉक्टरांना द्यावी. हृदयविकारासाठी चालू असलेली गोळी मात्र परस्पर बंद करू नये. मधुमेह आटोक्यात हवा, हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांना सहसा आधी मॅमोग्राफी करावी लागते.

तिसरे, अपेक्षा. व्रण राहतात: स्तनाग्राभोवती, तेथून खाली आणि बहुधा स्तनाखालच्या घडीतही. ते फिके व्हायला वर्षभर लागते. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते. पुढे अंगावर पाजणे जमेलच याची खात्री नसते. मूल व्हायचे असेल तर हे आधीच बोलून घ्यावे. शल्यचिकित्सक प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. वा डी.एन.बी. आहेत का, हे निःसंकोच विचारावे. मुंबई, पुणे, नागपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. विमा असल्यास खर्च मिळेल की नाही, हे कंपनीकडून आधी लेखी घ्यावे.

आता घरी आल्यानंतरचे. बहुतेकींना एखादा दिवस रुग्णालयात राहावे लागते. पहिले काही दिवस उशीला टेकून उताणे झोपावे. आधार देणारी खास ब्रा डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा चार ते सहा आठवडे, रात्रंदिवस घालावी. पडून मात्र राहू नये. घरातल्या घरात चालावे, म्हणजे पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका घटतो. हलकी कामे साधारण दोन आठवड्यांनी सुरू करता येतात. पण पाण्याची कळशी, गॅसची टाकी, कडेवरचे मूल, कपडे पिळणे, माळ्यावरचे डबे काढणे हे सारे चार ते सहा आठवडे वर्ज्य. स्कूटर कधी चालवायची, तेही विचारूनच.

हे पथ्य बाईने एकटीने पाळायचे नसते. पाहुणे नसतील आणि पाणी भरायला दुसरे माणूस असेल, असा काळ निवडून मगच तारीख घ्यावी. नवरा आणि सासूबाई यांना डॉक्टरांकडे सोबत न्यावे. 'चार दिवसांत उठून कामाला लागेल' ही समजूत तिथेच दूर झालेली बरी.

एक स्तन एकाएकी टणक होऊन सुजला, स्तनाग्र निळे-काळे दिसू लागले, ताप आला, पू वा दुर्गंध आला, तर त्याच दिवशी शल्यचिकित्सकाला दाखवावे. पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. काढलेला भाग तपासणीसाठी पाठवतात; तो अहवाल विसरू नये, मागून घ्यावा आणि जपून ठेवावा.

वर्षानुवर्षे पाठीचे दुखणे सोसणाऱ्या कित्येक स्त्रियांना या शस्त्रक्रियेने खरा आराम मिळतो. ती करायची की नाही, हे ज्या बाईला त्रास होतो तिनेच ठरवावे. मात्र ठरवलेत, तर मशेरीची डबी आजच दूर ठेवा.