संशोधनाचा ‘उद्देश’ येतो कुठून? वेल्लोरचे डॉ. पॉल ब्रँड आणि वाकडी बोटं



पेट परीक्षा झाली, आता सिनॉप्सिस लिहितोय, त्यात ‘संशोधनाचा उद्देश’ या मथळ्याखाली नक्की काय लिहायचं, असं विचारणारे मेसेज मला बरेच येतात. माझा स्वतःचा अनुभव आधी सांगते. मी त्या मथळ्याखाली पाच मुद्दे लिहिले होते आणि पाचही ‘अभ्यास करणे’ या शब्दांनी संपत होते. समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी कागद बाजूला ठेवून विचारलं, “हे सगळं ठीक आहे, पण हे कोणाला लागणार आहे?” मी गप्प. लिटरेचर रिव्ह्यू तोंडपाठ होता, या प्रश्नाचं उत्तर मात्र नव्हतं. सिनॉप्सिस दुरुस्तीसाठी परत आला. पीएचडी सोडून बी.एड. करावं का, असाही विचार त्या महिन्यात दोन-तीनदा मनात येऊन गेला.

त्याच दिवसांत लॅबमधल्या एका मैत्रिणीने मला डॉ. पॉल ब्रँड यांच्याबद्दल सांगितलं. ती नगरकडची मराठी ख्रिस्ती, आजी मिशन हॉस्पिटलात नर्स होती. मी स्वतः ख्रिस्ती नाही, फारशी धार्मिकही नाही. त्यामुळे श्रद्धा आणि सेवा यांतून कुणाला संशोधनाचा प्रश्न सापडतो म्हणजे काय, हे मी जरा साशंक मनानेच वाचायला घेतलं. वाचून जे हाती लागलं ते सांगते.

आधी वेल्लोर. तमिळनाडूतलं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आपल्याकडच्या बऱ्याच घरांना माहीत असतं, कुणाचा तरी मामा तिथे तपासून आलेला असतो. सुरुवात मात्र अगदी लहान होती. आयडा स्कडर ही अमेरिकन मिशनऱ्यांची मुलगी. तरुणपणी एका रात्री तिच्या वडिलांच्या बंगल्यावर तीन माणसं वेगवेगळी येऊन गेली, तिघांच्या बायका बाळंतपणात अडल्या होत्या. वडील डॉक्टर होते, पण पुरुष डॉक्टर नको म्हणून तिघंही परत गेले आणि सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या, असं आयडा पुढे सांगत असे. ती अमेरिकेला परतली, डॉक्टर झाली आणि १९०० साली वेल्लोरला एका खाटेचा दवाखाना सुरू केला. १९१८ साली मुलींसाठी वैद्यकीय शाळा निघाली. ही शाळा एकट्या पंथाची नव्हती. एरवी एकमेकांच्या प्रार्थनापद्धतीवर वाद घालणाऱ्या वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मिशनांनी त्यासाठी एकत्र पैसे आणि माणसं दिली. कारण साधं होतं, एवढा खर्च एकट्याला झेपणारा नव्हता. (आपल्या मिरजेचं डॉ. वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ सालचं, म्हणजे त्याच काळातलं. त्यावर कधीतरी वेगळा लेख लिहायचाय.)

मिशन म्हटलं की धर्मांतराचा विषय निघतोच. ही माणसं धर्मप्रसारासाठीच आली होती आणि ती ते लपवतही नव्हती. तो वाद महत्त्वाचा आहे, पण आजचा माझा प्रश्न वेगळा आहे: श्रद्धेतून आलेलं काम विज्ञान म्हणून उभं राहतं का? राहिलं तर कशामुळे?

पॉल ब्रँड १९१४ साली तमिळनाडूतल्याच कोल्ली डोंगरांत जन्मले. आईवडील मिशनरी. शिकायला इंग्लंडला पाठवलेला मुलगा, तिकडे असतानाच वडील इथे तापाने गेले. पॉलने आधी डॉक्टर व्हायचं नाही असं ठरवलं आणि काही वर्षं बांधकाम शिकला, सुतारकाम, गवंडीकाम, सगळं. नंतर मन बदललं, लंडनला वैद्यकीय शिक्षण घेतलं, सर्जन झाला. १९४६ साली ते वेल्लोरला आले, तेव्हा कुष्ठरोगाशी त्यांचा काही संबंध नव्हता. हाडांची शस्त्रक्रिया शिकवायला आले होते.

पुढच्या वर्षी कुष्ठरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट कॉक्रन यांनी त्यांना चेंगलपट्टूच्या कुष्ठरोग केंद्रात फिरवलं. तिथे ब्रँड यांना त्वचेवरच्या चट्ट्यांपेक्षा हात जास्त दिसले. वाकडी, आखडलेली, आखूड झालेली बोटं. यांच्या हातांवर कुठल्या अस्थिशल्यतज्ज्ञाने काम केलंय, असं त्यांनी विचारलं. उत्तर मिळालं, कुणीच नाही. मग त्यांनी एका रुग्णाच्या हातात आपला हात देऊन जोरात दाबायला सांगितलं. त्या वाकड्या बोटांची पकड इतकी घट्ट होती की ब्रँड कळवळले.

इथे जरा थांबा, कारण संशोधनाचा प्रश्न इथे जन्माला आला. तेव्हाचा समज असा की कुष्ठरोगात मांसच सडतं, म्हणून बोटं झडतात, आणि असल्या ‘खराब’ मांसावर केलेली शस्त्रक्रिया भरून येणार नाही. पण हात निकामी असेल, तर ही ताकद आली कुठून?

उत्तर शरीररचनेत आहे. बोटं मिटणारे मोठे स्नायू हातात नसतात, ते कोपराखाली, मनगटाच्या वर असतात. हातातले छोटे स्नायू बोटांचा तोल सांभाळतात. कोपर कशावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना, ती अल्नर नर्व्ह. कुष्ठरोगात ती कोपरापाशी बिघडते आणि हातातल्या बहुतेक छोट्या स्नायूंचा पुरवठा बंद होतो. मोठे स्नायू मात्र शाबूत राहतात. तोल गेलेला आणि ताकद शिल्लक, म्हणून बोटांचा पंजा होतो. शवविच्छेदनातही हेच दिसलं. नसा सगळीकडे सुजलेल्या नव्हत्या. कोपर, मनगट, गुडघा, घोटा, म्हणजे जिथे नस कातडीच्या जवळ आणि त्यामुळे थंड असते, तिथेच सूज होती.

या थंडाव्याच्या मुद्द्याला पुढे वेगळ्याच दिशेने दुजोरा मिळाला. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन यांनी नॉर्वेमध्ये १८७३ सालीच पाहिला होता, पण तो कृत्रिम माध्यमात आजवर वाढवता आलेला नाही. १९६० साली अमेरिकेत शेपर्ड यांनी तो उंदराच्या तळपायात वाढवून दाखवला. तळपाय, कारण तो शरीराच्या इतर भागांपेक्षा थंड असतो. (ज्यांना सूक्ष्मजीवशास्त्रात यायचंय त्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा.)

आता शस्त्रक्रिया. मोठे स्नायू चांगले आहेत, तर त्यातल्या एकाची शिर वळवून बोटांच्या तोलासाठी लावता येईल का? शिर म्हणजे इथे टेंडन, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. दुखापत आणि पोलिओसाठी ही पद्धत आधीपासून होती. १९४८ सालापासून वेल्लोरला ती कुष्ठरुग्णांवर करून पाहिली. जखमा इतर कुणाच्याही भरतात तशा भरल्या. पुढे ब्रँड यांनी तिच्यात स्वतःची भर घातली: मनगट उचलणाऱ्या एका स्नायूच्या शिरेला जोड द्यायचा, त्याच्या चार शेपट्या करायच्या आणि चार बोटांना जोडायच्या. १९५२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये त्यांनी हे काम हंटेरियन व्याख्यान म्हणून मांडलं. म्हणजे ज्यांना श्रद्धेशी काही देणंघेणं नाही अशा सर्जनांपुढे, आकडे आणि छायाचित्रं घेऊन. माझ्या मघाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

बोटं झडतात कशी, हा प्रश्न अजून बाकी होता आणि मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. एका कुलपाची गंजलेली किल्ली फिरत नव्हती. कुष्ठरोग असलेल्या एका मुलाने ती सहज फिरवून दिली. ब्रँड यांनी त्याचा हात पाहिला तर बोट हाडापर्यंत कापलेलं, आणि मुलाला पत्ता नाही. दुखलंच नव्हतं. मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक जखमेचा माग काढायला सुरुवात केली. ही जखम कधी झाली, तू तेव्हा काय करत होतास? कुणी चुलीवरचं गरम भांडं धरलं होतं, कुणाच्या हातात हातोड्याचा खडबडीत दांडा होता. काही बोटं मात्र रात्रीत कमी व्हायची, त्याचा उलगडा होईना. रात्री पहारा ठेवला तेव्हा कळलं की झोपेत उंदीर कुरतडत होते. त्यानंतर रुग्णांना घरी जाताना मांजर देऊ लागले.

हसू नका, हा डेटा कलेक्शनचा उत्तम नमुना आहे. ‘रोगामुळे झडतात’ हे उत्तर आधीच तयार असताना एकेका जखमेचं कारण विचारत बसायला विलक्षण चिकाटी लागते. आणि त्यातून निघालेला निष्कर्ष मोठा होता. बोटांचा नाश मुख्यतः वेदना न कळल्याने होणाऱ्या इजांमुळे होतो. म्हणजे तो टाळता येतो. मऊ एमसीआर रबराच्या चपला त्यातून आल्या. आपल्या सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात त्या आजही देतात. १९६६ साली ब्रँड अमेरिकेत कारव्हिलला गेले आणि तेच ज्ञान मधुमेहामुळे बधिर झालेल्या पायांना लागू पडलं. तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल आणि डॉक्टर ‘रोज तळपाय बघा, अनवाणी फिरू नका’ म्हणत असतील, तर त्यामागे ही गोष्ट आहे.

मग श्रद्धेने नक्की काय केलं? माझं मत असं की उत्तर शोधण्यात तिचा काही वाटा नाही. अल्नर नर्व्ह कुठे सुजते हे प्रार्थनेने कळत नाही. तिचा वाटा त्याच्या आधीचा आहे, त्या हातात हात देण्यात. येशूने कुष्ठरोग्याला स्पर्श केला ही कथा लहानपणापासून ऐकलेला माणूस तो हात धरतो, आणि धरल्यावरच पकड कळते. लांबून बघणाऱ्या सर्जनला हा प्रश्न पडलाच नसता. अर्थात त्याच धर्मग्रंथाच्या जुन्या करारात अशा रोग्यांना वस्तीबाहेर ठेवण्याचे नियमही आहेत, आणि महारोग्यांना वेगळं कोंडणारा १८९८ सालचा कायदा ख्रिस्ती राज्यकर्त्यांनीच केला होता. वेल्लोरच्या हॉस्पिटलातही कुष्ठरुग्णांना इतरांबरोबर ठेवायला सुरुवातीला विरोध झाला, बाकीचे पेशंट पळून जातील म्हणून. श्रद्धा एक, तिच्यातून वागणं दोन तऱ्हांचं. मैत्रिणीला हे म्हटलं तर ती म्हणाली, “हो ना, आमच्याकडे या विषयावर रविवारी भांडणंच होतात.”

आणखी एक गोष्ट सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांसाठी. शस्त्रक्रिया यशस्वी झालेले काही रुग्ण घरी जाऊन परत आले, तक्रार घेऊन. हात सरळ झाल्याने भीक मिळेना आणि महारोगी म्हणून काम कुणी देईना. म्हणजे ‘बोटं सरळ करणे’ हा उद्देश शंभर टक्के साध्य झाला होता आणि माणूस आधीपेक्षा उपाशी होता! ब्रँड यांनी ही तक्रार ‘आमच्या विषयाबाहेरची’ म्हणून टाळली नाही. १९५१ साली कॉलेजच्या आवारात मातीच्या घरांची एक वस्ती उभी केली, नाव नवजीवन केंद्र. तिथे रुग्ण सुतारकाम आणि खेळणी बनवायला शिकत. तेव्हा ब्रँड यांचं जुनं सुतारकाम उपयोगी पडलं.

इथे एकट्या सर्जनचं काम संपलं. फिजिओथेरपी हवी, कारण वळवलेल्या स्नायूला नवं काम शिकवावं लागतं. चपला शिवणारा हवा. डोळ्यांसाठी त्यांच्या पत्नी डॉ. मार्गारेट ब्रँड होत्या. डॉ. मेरी वर्गीस ही त्यांची विद्यार्थिनी, १९५४ सालच्या अपघाताने कमरेखाली लुळी झालेली. तिने चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढे पुनर्वसन विभाग उभारला, १९७२ साली तिला पद्मश्री मिळाली. वेल्लोरजवळच्या करीगिरीचं कुष्ठरोग संशोधन केंद्र १९५५ साली सुरू झालं, तेही कॉलेज, ब्रिटनची एक मिशन संस्था आणि अमेरिकेची एक, अशा तिघांनी मिळून. दक्षिणेतल्या काही प्रोटेस्टंट पंथांनी १९४७ साली एक होऊन चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन केलं, त्याआधी वर्षानुवर्षं वाटाघाटी चालल्या होत्या. हॉस्पिटलांत मात्र त्यांची माणसं बिशपांचा निकाल लागण्याआधीच शेजारी उभं राहून काम करत होती. एका टेबलावर एकच हात असतो, तिथे कोण कुठल्या चर्चचा हे विचारायला सवड कुणाला?

माझ्या सिनॉप्सिसचं पुढे काय झालं, तेही सांगते. माझा विषय नसांच्या पेशींचा, काचेच्या डिशमधला. मी गाइडना विचारून एका सरकारी रुग्णालयाच्या मधुमेही-पाय ओपीडीत दोन गुरुवार नुसती बसले. दुसऱ्या गुरुवारी एक आजोबा आले, टाचेत चुकीचा खिळा घुसलेला, तीन दिवस तसेच चालत होते. मी त्यांना विचारलं, “आजोबा, काहीच जाणवलं नाही का?” ते म्हणाले, “चपलेचा आवाज येत होता बघ, टक् टक्.”

घरी येऊन ‘अभ्यास करणे’ने संपणारे पाचही मुद्दे खोडले आणि एकच लिहिला. समितीने त्यावर अर्धा तास प्रश्न विचारले आणि दोन दुरुस्त्या सांगितल्या. त्यातली एक अजून चालू आहे.