आवाज मोठा नको, शब्द स्पष्ट हवा

सभा म्हटली की ध्वनिक्षेपक आलाच. कार्यकर्ते सतरंज्या अंथरतात, खुर्च्या मांडतात, पाहुण्यांच्या हारांची व्यवस्था करतात. मात्र शेवटच्या रांगेतील माणसाला वक्त्याचा शब्द कळतो की नाही, हे कोणी पाहत नाही. आम्हीही पाहिले नव्हते. त्याची किंमत एका मुलीला मोजावी लागली.

आमच्या वस्तीतील समाजमंदिरात शिष्यवृत्तीच्या अर्जांसंबंधी सभा होती. खाली फरशी, वर पत्रे. अर्जाची शेवटची तारीख वीस, असे आम्ही माइकवरून तीनदा सांगितले. मागे बसलेल्या एका आजींनी 'तीस' ऐकले. नातीचा अर्ज घेऊन त्या पंचवीस तारखेला आल्या, तेव्हा मुदत संपली होती. "तुम्हीच तर तीस म्हणालात, बाबा," एवढेच त्या बोलल्या. आम्ही निरुत्तर झालो.

मोठा ॲम्प्लिफायर घ्यायचा, असे आम्ही लगेच ठरवले आणि वर्गणीची वही उघडली. तेव्हा लग्नसमारंभात साउंड लावणारा वस्तीतीलच एक तरुण म्हणाला, "काका, पैसे कशाला घालता? आवाज भरपूर आहे. आधी इक्वलायझर बघा." पाहिले तर त्यातील दोन्ही टोकांच्या कळा वर आणि मधल्या खाली! गाण्याच्या कार्यक्रमात कोणीतरी तशा लावल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

वाचकहो, इक्वलायझर म्हणजे आवाजाचा खातेनिहाय हिशेब. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. या पट्ट्याचे भाग पाडून प्रत्येकाला एकेक सरकती कळ दिलेली असते. घरगुती यंत्रात अनेकदा १० कळा असतात, मोठ्या यंत्रात ३१. लांब टेलिफोन तारांत आवाजाचे काही भाग जास्त क्षीण होत. ते पुन्हा समान करण्याची युक्ती म्हणून हे नाव पडले.

बोलण्यात स्वर जोरदार असतात, व्यंजने दुबळी. 'वीस' आणि 'तीस' यांत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. व्यंजने ओळखायला १००० ते ४००० हर्ट्झचा भाग फार महत्त्वाचा, आणि नेमका तोच आम्ही खाली दाबला होता! त्यात उतारवयात उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. मग आजींचा दोष काय?

आता जमाखर्च पाहा. एखादी कळ ३ डेसिबलने वर नेली की त्या भागासाठी ॲम्प्लिफायरला दुप्पट शक्ती लागते. एकूण आवाज कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती हवी. म्हणून वाढवण्यापेक्षा नको ते कमी करणे नेहमी स्वस्त.

कृती सोपी आहे. प्रथम सर्व कळा मध्यावर, म्हणजे शून्यावर आणा. केवळ भाषण असेल तर १०० हर्ट्झच्या खालच्या कळा उतरवा. बोलण्याला त्यांची गरज नसते. आवाज घुमत असेल तर २०० ते ३०० च्या आसपास थोडे कमी करा. मग माइकचा आवाज हळूहळू वाढवा. शिट्टी सुरू होताच थांबा, कोणती कळ उतरवल्याने ती बंद होते ते शोधा आणि तेवढीच ३ ते ६ डेसिबल खाली घ्या. शब्द तरीही बोथट वाटला तरच २००० ते ४००० चा भाग किंचित वर घ्या.

मात्र इक्वलायझर म्हणजे जादू नव्हे. भिंतींवरून येणारा प्रतिध्वनी तो पुसू शकत नाही; त्यासाठी पडदे, सतरंज्या आणि भरलेली सभा उपयोगी पडते. स्पीकर माइकच्या पुढे ठेवावेत, मागे नव्हेत. शेजाऱ्यांचाही विचार हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे.

आमची वर्गणीची वही त्याच दिवशी मिटली. आता सभेपूर्वी एक कार्यकर्ता माइकवरून तारखा आणि आकडे वाचतो, दुसरा शेवटच्या रांगेत बसून ते लिहून घेतो. दोन्ही कागद जुळले की सभा सुरू. शिवाय शेवटची तारीख आम्ही फळ्यावर ठळक लिहितो. त्या मुलीचे गेलेले वर्ष आम्ही परत देऊ शकत नाही. निदान दुसऱ्या कोणाचे तरी तसे जाऊ नये, एवढे आपल्या हाती आहे.