मांजरेच्या हिशेबात नदी कुठे?

मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव करत, मुरुड मागे टाकून १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, तेही कृष्णेचे. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. त्याआधी मार्चमध्येच लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती. ज्या मांजरेवर हे शहर जगते, तिच्यावरचे धनेगावचे धरण कोरडे पडले होते.

लागोपाठ दोन वर्षे पावसाने पाठ फिरवली होती, हे खरेच. पण पाऊस कमी पडला म्हणून धरण आटले, एवढ्यावर थांबले की नदीचे काय झाले हा प्रश्न राहूनच जातो.

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात उगवणारी मांजरा सुमारे सव्वासातशे किलोमीटर वाहून गोदावरीला मिळते. तिला अडवण्याची सुरुवात आपण केली नाही. खाली निजामाच्या राज्यात १९३१ मध्ये निजामसागर पुरा झाला आणि त्याच्या कालव्यांच्या बळावर बोधनचा साखर कारखाना उभा राहिला. मांजरा आणि ऊस हे नाते तेव्हापासूनचे. अर्धशतकानंतर वरच्या अंगाला तेच घडले. धनेगावला सुमारे १७७ दलघमी उपयुक्त साठ्याचे धरण झाले, मग लातूर परिसरात सहकारी कारखाने आले आणि उसाखालची जमीन वाढत गेली. ऊस वर्षभर शेतात उभा असतो. नदीत सगळ्यांत कमी पाणी असते त्या चैत्र-वैशाखातही त्याला पाणी द्यावेच लागते. धरणाखाली आधी कोल्हापुरी बंधारे आणि नंतर नागझरी, साई, खुलगापूर, होसूर अशी बॅरेजेस झाली. पावसाळा सरताना दारे खाली येतात आणि त्यानंतर नदी म्हणजे एकापुढे एक मांडलेले डोह उरतात. काठावरच्या मोटारी तेही उपसतात. शेजारच्या रानात बोअर खोल खोल जातात आणि काळ्या खडकातून पात्रात झिरपणारे पाणी उलटे जमिनीत ओढले जाते. उन्हाळ्यात नदीला जिवंत ठेवायचा तो झिरपाच.

या बंधाऱ्यांनी अनेक गावांची तहान भागवली, शेते उभी केली. ते बांधायलाच नको होते, असे कुणी म्हणू नये. चूक हिशेबात झाली. पाणीवाटपाच्या कागदात पिण्याचे, शेतीचे आणि उद्योगाचे पाणी आले. त्यांचा क्रमही बदलला. २००३ च्या राज्य जलनीतीत उद्योग शेतीच्या पुढे होता, २०११ मध्ये शेती पुढे आली. नदीच्या वाट्याला मात्र उरेल ते, आणि उरत काहीच नव्हते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये सांगितले की कोरड्या ऋतूतल्या सरासरी प्रवाहाच्या निदान १५ ते २० टक्के पाणी प्रत्येक नदीत वाहते ठेवा. बारमाही नद्यांसाठी हा आधार मोठा आहे. पण जिचा उन्हाळी प्रवाह आपण आधीच शून्यावर आणला, तिचे पंधरा टक्के कशाचे काढायचे?

मराठवाड्यात नदीतून पाणी सोडण्याची तारीख आणि माप ठरले ते नांदेडच्या धर्माबाद तालुक्यात, गोदावरीवर. बाभळी बंधाऱ्यावरून आंध्र प्रदेश न्यायालयात गेला. २०१० मध्ये बंधाऱ्याला विरोध करायला आलेले तिथले नेते चंद्राबाबू नायडू यांना धर्माबादेत अटकही झाली. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंधाऱ्याला मान्यता दिली, पण अटी घालून. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारे वर राहतील आणि दरवर्षी १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे लागेल. पावणेतीन टीएमसीच्या बंधाऱ्यासाठी हा आकडा लहान नाही. अर्थात हे पाणी नदीसाठी नव्हे, खालच्या राज्यासाठी आहे. खाली हक्क सांगणारा कुणी असला, तरच नदी वाहते ठेवण्याचा नियम होतो.

मुरुडजवळ उगवणारी तावरजा लातूर-औशाच्या सीमेवर शिवणीला मांजरेत मिळते. तिच्यावर मध्यम प्रकल्प आहे. तिच्या बाजूने मात्र कुणी राज्य भांडायला येणार नाही.

२०१६ च्या परतीच्या पावसाने सगळे बदलले. पाच वर्षांनी, सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस, धनेगावची अठराही दारे उघडावी लागली आणि काठची शेते पाण्याखाली गेली. भरल्या वर्षी नदीचा वाटा बाजूला काढणे सर्वांत सोपे असते, पण तेव्हाच तो कुणाला आठवत नाही.

पावसाळा संपला की साठा मोजून कालवा सल्लागार समिती आवर्तने ठरवते. त्याच बैठकीत मांजरा आणि तावरजेच्या पात्राला दर महिन्याला किती पाणी जाईल, तेही ठरावे. बॅरेजची दारे एकदम बंद न करता खालून वर क्रमाने बंद करावीत, आणि पात्रात पाणी सुटेल ते दिवस काठच्या कृषिपंपांची वीज बंद राहावी. साठा भरपूर असेल तेव्हा हे माप मोठे ठेवावे, टंचाईत पिण्याच्या पाण्यामागोमाग लहान ठेवावे, पण ते शून्य असू नये.