गोठ्यातली धूळ आणि साबणाची वडी

अमेरिकेतल्या एका प्रयोगात उंदरांच्या नाकात धुळीचा अर्क सोडला जात होता. धूळ साधीच होती, माणसांच्या राहत्या घरांतून गोळा केलेली. दोन-तीन दिवसांआड थोडा थोडा अर्क, असं काही आठवडे चाललं. त्याच उंदरांना अंड्याच्या पांढऱ्या बलकातलं प्रथिन देऊन दम्यासारखी अवस्था आणायची, ही अशा प्रयोगांची ठरलेली रीत. एका वस्तीतल्या धुळीनं उंदरांचा त्रास आणखी बळावला. दुसऱ्या वस्तीतल्या धुळीनं तो होऊच दिला नाही.

धुळीनं दमा वाढतो हे आपल्याला आजी-आजोबांपासून ठाऊक आहे. धुळीनं दमा अडतो, हे पचायला जरा वेळ लागतो.

ही धूळ आली होती आमिश आणि हटराइट या दोन ख्रिस्ती पंथांच्या घरांतून. दोघांचंही मूळ आल्प्सच्या परिसरातलं. आमिश स्वित्झर्लंडकडचे, हटराइट दक्षिण टिरोलचे. धर्मछळाला कंटाळून दोघेही अमेरिकेत आले, आमिश अठराव्या शतकात आणि हटराइट एकोणिसाव्या शतकात. दोघेही शेती करतात, आपापसातच लग्नं करतात, टीव्ही घरात घेत नाहीत. घरं मुलांनी भरलेली, आया बाळांना दीर्घकाळ अंगावर पाजतात, कच्चं दूध दोघेही पितात, कुत्र्या-मांजरांना घरात घेणं दोघांनाही मंजूर नाही. तपासलं तेव्हा रक्ताचं नातंही जवळचं निघालं. संशोधकाला याहून चांगली जोडी मागून मिळाली नसती.

आणि तरी आमिश शाळकरी मुलांत दम्याचं प्रमाण सुमारे 5 टक्के, तर हटराइट मुलांत 21 टक्के. ॲलर्जीची तयारी दाखवणाऱ्या चाचण्यांत हाच आकडा 7 विरुद्ध 33. शिकागोच्या कॅरोल ओबर, ॲरिझोनाच्या डोनाटा वर्चेली, म्युनिकच्या एरिका फॉन म्युटियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडियानातली 30 आमिश आणि साउथ डकोटातली 30 हटराइट मुलं तपासली. 2016 साली निष्कर्ष छापून आले. त्या 30 आमिश मुलांत दमा असलेलं एकही मूल नव्हतं. हटराइट मुलांत सहा होती.

फरक कुठे होता? शेती करण्याच्या पद्धतीत. हटराइट मोठ्या वसाहतींत राहतात आणि सामुदायिक शेती करतात. त्यांच्याकडे अवजड यंत्रं आहेत आणि गुराढोरांचे गोठे घरांपासून दूर. पुरुष कामावर जातात, लहान मुलांचं त्या बाजूला फारसं येणंजाणं नसतं. आमिश कुटुंबाची शेती घरापुरती. नांगराला घोडा, गाडीलाही घोडा, दूधदुभतं घरचं, आणि गोठा स्वयंपाकघरातून हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर. पोरं दिवसभर अनवाणी गोठ्यात जातात, तशीच घरात येतात. आमिश घर अस्वच्छ असतं असं मात्र नाही. संशोधकांना दोन्हीकडची घरं नीटनेटकीच दिसली. तरी आमिशांच्या धुळीत एंडोटॉक्सिन हा जिवाणूंच्या आवरणातला पदार्थ हटराइटांच्या जवळजवळ सातपट निघाला. गोठा पायांना, कपड्यांना, केसांना चिकटून घरात येत होता.

उंदरांना वाचवणारी धूळ हीच. पुढची गोष्ट आणखी सुरस आहे. जिवाणूंची चाहूल लागली की पेशीच्या आत निरोप पोचवणारी काही प्रथिनं असतात. त्यांतली दोन ज्यांच्यात नाहीत असे उंदीर घेऊन तोच प्रयोग केला, तेव्हा आमिश धुळीचं संरक्षण नाहीसं झालं. म्हणजे धूळ स्वतः काही करत नाही. ती शरीराला काहीतरी करायला लावते. बेल्जियममधल्या घेंट इथल्या शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये याच साखळीतला आणखी एक दुवा दाखवला होता. उंदरांना एंडोटॉक्सिनचे बारीक डोस दिवसाआड देत राहिलं, की श्वासनलिकांच्या अस्तरातल्या पेशी ए-20 नावाचं एक विकर वापरून आपली प्रतिक्रिया आवरती घेऊ लागतात. मग धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी त्यांना होत नाही. ए-20 काढून टाकलं की संरक्षणही जातं.

तालमीत रोज जोडीदाराशी धरपकड करणाऱ्या पैलवानाला किती जोर लावायचा हे अंगवळणी पडतं. ज्याला जोडच मिळाली नाही, तो रस्त्यात खांदा लागला तरी डाव टाकतो. परागकण, शेंगदाणा, मांजराचा केस ही निरुपद्रवी मंडळी. त्यांच्यावर तुटून पडणारं शरीर हे असं जोड न मिळालेलं शरीर असावं, असा एकूण रोख आहे.

ही शंका तशी जुनीच. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरानं 1873 मध्येच लिहून ठेवलं होतं, की ज्यांच्या नाकात सर्वांत जास्त पराग जातात त्या शेतकऱ्यांनाच परागज्वर सर्वांत कमी होतो. ते कोडं शंभर वर्षं तसंच पडून राहिलं. 1989 मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन यांनी 17,000 हून अधिक ब्रिटिश मुलांच्या नोंदी चाळल्या आणि दीड-दोन पानांचा एक लेख लिहिला. घरात थोरली भावंडं जितकी जास्त, तितका परागज्वर कमी. त्याच वर्षी बर्लिनची भिंत पडली. फॉन म्युटियस तेव्हा तरुण बालरोगतज्ज्ञ होत्या. पूर्व जर्मनीतल्या कोळशाच्या धुरात वाढलेल्या मुलांना दमा आणि ॲलर्जी जास्त असणार, हे गृहीत धरून त्या मोजायला गेल्या. मोजल्यावर उलटंच निघालं. म्युनिकची स्वच्छ हवेतली मुलं ॲलर्जीत पुढे होती. आपल्याच गृहीतकाचा असा निकाल लागल्यावर पुढची कित्येक वर्षं गोठ्यांत घालवायला वेगळी जिद्द लागते. ती त्यांच्यापाशी होती.

ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या खेड्यांतून 2001 मध्ये जो अभ्यास आला त्यानं वयाचा मुद्दा पुढे आणला. पहिल्या वर्षातच गोठ्यात वावर आणि घरच्या गाईचं दूध मिळालेल्या मुलांत दमा 1 टक्का. हेच पहिल्या वाढदिवसानंतर, पाच वर्षांच्या आत सुरू झालं असेल तर 11 टक्के. गरोदरपणात आई गोठ्यात काम करत होती का, यानंही फरक पडतो असं पुढे दिसलं.

इथवर वाचून कुणी पर्समधली सॅनिटायझरची बाटली फेकायला उठला असेल, तर जरा थांबावं. कराचीच्या गरीब वस्त्यांत 2002-03 मध्ये झालेलं काम आपल्याला इंडियानापेक्षा जास्त जवळचं आहे. तिथे काही घरांना दर आठवड्याला साबण आणि हात धुण्याचा आग्रह पुरवला गेला, काहींना नाही. साबणवाल्या घरांत पाच वर्षांखालच्या मुलांचा न्यूमोनिया निम्म्यावर आला. पंधरा वर्षांखालच्या मुलांतले जुलाबही निम्म्याहून कमी झाले. यात आणखी एक गंमत होती. काही घरांना साधा साबण दिला होता, काहींना जंतुनाशक. दोन्हींत काडीचाही फरक पडला नाही. पुढे 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ट्रायक्लोसानसकट 19 जंतुनाशक द्रव्यं घरगुती हात धुण्याच्या साबणांतून हद्दपार केली, कारण ती साध्या साबणापेक्षा सरस असल्याचा पुरावा कंपन्यांना देता आला नाही. टीव्हीवर भिंगाखाली वळवळणारे हिरवे जंतू दाखवून आपल्याला वर्षानुवर्षं जे विकलं गेलं, त्याची किंमत एवढीच.

मग आमिश खरे की कराची? दोन्ही खरे, कारण ही दोन वेगळ्या घाणींची गोष्ट आहे. कराचीतलं जे हातावरून तोंडात जात होतं, ते माणसाच्या विष्ठेतलं आणि शेंबडातलं. कॉलरा, गोवर, फ्लू ही मंडळी शरीराला काही शिकवायला येत नाहीत. बालपणी छातीत उतरणाऱ्या काही विषाणूंमुळे तर पुढे दम्याचा धोका वाढलेलाच दिसतो. ब्रिटनच्या ग्रॅहम रूक यांनी 2003 मध्ये मांडलं, की ज्यांची आपल्या शरीराला गरज आहे ते हे रोगजंतू नव्हेत. ते माती, झाडं आणि जनावरं यांच्यातले फार पुरातन सोबती आहेत, माणूस दाटीवाटीनं गावं करून राहायला लागला त्याच्याही आधीचे. मूल वारंवार आजारी पडलं म्हणजे त्याची प्रतिकारशक्ती घडते, हा समज म्हणूनच मला धोक्याचा वाटतो.

प्रश्न घाण किती याचा कमी आणि ती कोणत्या वाटेनं आत येते याचा जास्त आहे. शेणाचंच उदाहरण घ्या. गोठ्यातल्या हवेतून, बारीक प्रमाणात, रोज नाकात जाणारे शेणाचे कण आमिश पोरांच्या कामी आले असावेत. तेच शेण आपल्याकडे कित्येक ठिकाणी नवजात बाळाच्या नाळेला लावलं जायचं. शेणात धनुर्वाताच्या जिवाणूंचे बीजाणू असतात. ओल्या नाळेतून ते आत गेले की आठवड्याभरात बाळाचा जबडा आखडायचा, त्याला दूध ओढता यायचं नाही, आणि बहुतेक बाळं हातची जायची. आईला लस, स्वच्छ बाळंतपण आणि नाळेला काहीही न लावण्याची शिकवण, यातून 2015 मध्ये भारतातून नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. तिथे माती-शेणाचे गोडवे गायला जागाच नाही.

इंग्लंडमध्ये 2009 च्या उन्हाळ्यात सरे परगण्यातल्या गॉडस्टोन फार्मवर मुलं कोकरं-वासरं कुरवाळायला गेली आणि 93 जण आजारी पडले. ई. कोलाय जिवाणूचा ओ-157 हा दांडगा प्रकार. जनावर ठणठणीत असतं, त्याच्या शेणात मात्र तो असतो. मुलांना रक्ती जुलाब होतात, काहींची मूत्रपिंडं बंद पडतात. हात कोकराला लावला म्हणून हे झालं नाही. तोच हात तोंडात गेला म्हणून झालं. आणि अशा वेळी सॅनिटायझरचा थेंब पुरत नाही. हाताला शेण-माती लागलेली असली की त्याचं काही चालत नाही. तिथे वाहतं पाणी आणि साबणच लागतो.

आपल्याकडे यात जंतांची भर. अंकुशकृमी पायाच्या कातडीतून शिरतो, पण तो असतो माणसानं शौच केलेल्या मातीत. म्हणून शेताच्या बांधावर अनवाणी फिरणं आणि गोदरीच्या वाटेवर अनवाणी फिरणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंताची गोळी मातीत खेळणाऱ्या पोरानं चुकवू नये. कुत्र्याचंही तेच. घरच्या, लस टोचलेल्या कुत्र्यानं गाल चाटला तर आकांत करायचं कारण नाही. रस्त्यावरच्या अनोळखी कुत्र्यानं ओरखडलं, किंवा जखमेवर चाटलं, तर लगेच नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजची लस. यात ‘उद्या बघू’ चालत नाही. आणि दूध. युरोपातल्या अभ्यासांत गोठ्यावरच्या दुधाचं श्रेय दिसत असलं, तरी क्षयाचे आणि ब्रुसेलाचे जंतूही त्याच चरवीतून येतात. दूध उतू जाईपर्यंत तापवणारी आपली स्वयंपाकघरं बरोबरच करतात.

आणि ज्या मुलाला आधीच दमा आहे, त्याला या लेखाच्या भरवशावर कडब्याच्या गंजीत लोळायला सोडू नये. तिथल्या बुरशीनं त्याचा जीव घाबरा होईल. गोठा शिकवतो तो मुख्यतः पहिल्या वर्षात. चुलीच्या धुराला तर कुठल्याच वयात सूट नाही. तो खेड्यातला असला तरी धूरच.

आता शहरातल्या आईबापांचं काय? गाय चौथ्या मजल्यावर नेता येत नाही. फिनलंडनं या प्रश्नाला मोठं मजेशीर उत्तर शोधलं. लाहती आणि टाम्पेरे या शहरांतल्या काही बालवाड्यांची अंगणं खडी-वाळूची होती. तिथे जंगलातून कापून आणलेली जमीनच अंथरली, शेवाळ आणि बुटक्या झुडपांसकट, शिवाय गवताचे तुकडे आणि पेरणीचे खोके. तीन ते पाच वर्षांची पोरं 28 दिवस त्यात खणत, चिखल कालवत, झाडं लावत बसली. महिन्याअखेरीस त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली होती आणि रक्तात प्रतिक्रिया आवरती घेणाऱ्या संदेशद्रव्यांचं पारडं जड झालं होतं. पुढे तिथल्या संशोधकांनी वाळूच्या हौदांचाही प्रयोग केला. एका गटाच्या वाळूत जिवाणूंनी समृद्ध माती मिसळलेली, दुसऱ्या गटाची वाळू नुसती तशा रंगाची. पोरांना फरक कळायचा प्रश्नच नव्हता. रक्ताला कळला. या प्रयोगांत मुलं मोजकी होती आणि मोजलं ते रक्त, आजार नव्हे. दमा खरोखर टळतो का, हे अशा अंगणातली पोरं मोठी होतील तेव्हाच दिसेल.

आपल्या सोसायट्यांत मात्र वाहतूक उलट दिशेनं चालली आहे. होती ती माती उचलून पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव एकमतानं मंजूर होतो, खेळाच्या जागेवर रबराचा गालिचा पडतो, आणि मुलाचे गुडघे चार-चार महिने कोरे राहतात. एक कोपरा मातीचा राखायला फार खर्च येत नाही. त्यात मेथी-कोथिंबीर टाकावी. रात्री मांजरं घाण करून जातात, त्यांचे जंत मुलांच्या पोटात जाऊ शकतात, म्हणून वर जाळी किंवा ताडपत्री ओढावी. आणि बाजूला, पोराचा हात पोचेल इतक्या उंचीवर, एक नळ आणि साध्या साबणाची वडी.