घोडीचा माज आणि कोल्हापूरचा उजेड

घोडीचा माज सूर्याच्या हिशेबाने चालतो. अंधारात मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलॅटोनिन सोडते. दिवस वाढला की ते घटते, पिट्युटरी जागी होते आणि बीजांडकोश कामाला लागतो. मग साधारण २१ दिवसांचे चक्र. त्यातले ५ ते ७ दिवस घोडी शेपटी उचलून वरचेवर लघवी करते, नराला जवळ येऊ देते. इंग्लंडात हिवाळी दिवस जेमतेम ८ तासांचा, म्हणून तिथल्या पागांत दिवे लावून उजेड १६ तासांवर नेतात. कोल्हापुरात सर्वांत लहान दिवसही ११ तासांचा असतो. म्हणून इंग्लंडातले दिव्यांचे वेळापत्रक जसेच्या तसे इथे लावणे मला पटत नाही. रोड घोडी उशिरा माजावर येते, तेव्हा आधी चारा बघावा. शर्यतीच्या घोड्यांचे वय १ जानेवारीपासून मोजतात, म्हणून शिंगरू लवकर हवे, हा आक्षेप रास्त आहे, पण शर्यतीपुरताच. बाकीच्या घोड्यांना ती घाई नाही.