स्वेच्छा कुणाची?

‘व्हीआरएस’ हा शब्द आपल्या कर्जत-खालापूरकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मुंबईच्या गिरण्यांमधून तो आधी कोकणातल्या घराघरांत आला. मग २०००-०१ साली सरकारी बँकांनी योजना काढली आणि देशभरातल्या सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांनी ती घेतली. पुढे पाताळगंगेच्या काठी, रसायनीच्या एचओसीची पाळी आली. २०१७ साली केंद्र सरकारने तिथले न परवडणारे प्लँट बंद करायचं ठरवलं. एक प्लँट तेवढा इस्रोकडे द्यायचा आणि कामगारांनी पैसे घेऊन घरी जायचं, असा तो निर्णय.

या सगळ्यात घरच्या बाईचं काम ठरलेलं. नवरा फॉर्म समोर घेऊन बसायचा, ती चहा करायची. सही त्याची, झळ सगळ्या घराला. पण मैत्रिणींनो, तेच पत्र बाईच्या नावावर आलं तर? मग घर काय म्हणतं?

हा प्रश्न ज्या नोकरीत सगळ्यात स्पष्ट दिसतो, ती नोकरी आहे हवाई सुंदरीची. तुम्ही म्हणाल, कशेळ्याच्या नाक्यावर एसटीची वाट बघणाऱ्या बाईचा आणि विमानातल्या बाईचा काय संबंध? संबंध आहे. नवी मुंबईचा विमानतळ आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे आणि डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडायला लागली आहेत. आज कशेळ्याहून कर्जतला कॉलेजात जाणारी एखादी मुलगी उद्या तिथे युनिफॉर्म घालून उभी असेल. तिला नोकरी कशी मिळते हे सांगणारे क्लास पुष्कळ आहेत. नोकरी सुटते कशी, हे मात्र कुणी सांगत नाही.

पस्तिशीत घरी

एअर इंडियाचे जुने नियम आज वाचले तर हसावं की चिडावं कळत नाही. हवाई सुंदरीने वयाच्या पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हायचं. नोकरीला लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केलं तर तेव्हाच. पहिल्यांदा दिवस गेले तर तेव्हाच. यातलं जे आधी घडेल ते. पस्तिशीनंतर मुदत वाढवून द्यायची की नाही, हे मोठ्या साहेबांच्या मर्जीवर. त्याच विमानात काम करणाऱ्या पुरुषांना मात्र ५८ पर्यंत नोकरी!

नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकारी मैत्रिणी या नियमांविरुद्ध लढल्या. ऑगस्ट १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणात नोकरी घालवणारं कलम रद्द केलं, हा बाईपणाचा अपमान आहे असं सुनावलं. साहेबांची मनमानीही काढून टाकली. चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र न्यायालयाने राहू दिली. म्हणजे अर्धी लढाई जिंकली, अर्धी राहिली.

उरलेली लढाई हळूहळू चालली. बायकांसाठी उडण्याची मर्यादा पन्नाशीपर्यंत आली, त्यापुढे जमिनीवरचं काम. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात भेदभाव नाही असं म्हटलं, पण नंतर सरकारनेच बायकांनाही ५८ पर्यंत उडायची मुभा दिली. २००५ साली विमानातल्या सुपरवायझरचं काम बायकांना खुलं झालं, तर काही पुरुष सहकारी त्याविरुद्ध कोर्टात गेले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल बायकांच्या बाजूने दिला. म्हणजे ‘आम्हाला राहू द्या’ एवढंच म्हणण्यात एका पिढीची तीस वर्षं गेली.

चाळिशीतलं पत्र

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परत गेली. त्याच वर्षीच्या १ जूनला स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. कायम नोकरीतल्या इतर कर्मचाऱ्यांसाठी अट होती वय ५५ आणि २० वर्षं सेवा. केबिन क्रू, कारकून आणि अकुशल कामगार यांच्यासाठी मात्र वयाची अट खाली आणून ४० केली होती. जून महिन्यातच अर्ज केला तर ठरलेल्या रकमेवर आणखी काही जादा. पहिल्या फेरीत सगळ्या खात्यांचे मिळून सुमारे ४,२०० जण योजनेत बसत होते आणि सुमारे १,५०० जणांनी ती घेतली. मार्च २०२३ मध्ये दुसरी फेरी आली.

कंपनीच्या बाजूने बघितलं तर ही सवलत होती. ज्यांना जायचंय त्यांना लवकर जाता यावं. ते खोटंही नाही. वीस वर्षं रात्री-अपरात्री उडून कंबर गेलेली असते, झोप गेलेली असते, मुलं वाढताना बघायची राहून गेलेली असतात. अशा बाईला ते पत्र म्हणजे सुटका वाटली तर तिला नावं ठेवायचं कारण नाही.

पण दुसरी बाजूही बघा. ज्या नोकरीत ५८ पर्यंत उडायचा हक्क मिळवायला इतकी वर्षं गेली, तिथे चाळिशीत पत्र येतं तेव्हा पुढची अठरा वर्षं त्या पाकिटात बंद करून दिलेली असतात. त्या अठरा वर्षांची किंमत बरोबर लावली आहे का, हे तिनेच बघायचं असतं. आणि ते बघायला वेळ किती? जादा पैसे हवे असतील तर तीस दिवस.

पैसे देऊन पाठवणं हे वाऱ्यावर सोडण्यापेक्षा कधीही बरं, हेही मान्य करायला हवं. ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजने शेकडो तरुण केबिन क्रूला एकदम काढलं. केवढा गहजब झाला! दोन दिवसांत त्यांना परत घेतलं. पण एप्रिल २०१९ मध्ये जेटची विमानंच उतरली ती उतरली. पगार थकलेले, पॅकेज कुठलं? २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. त्याआधी २०१२ मध्ये किंगफिशरचंही तेच झालं. परदेशातही करोनाच्या वर्षी डेल्टा या अमेरिकन कंपनीतले सुमारे १७ हजार कर्मचारी पॅकेज घेऊन गेले. तिथे रोख पैशाबरोबर काही काळ आजारपणाचा विमा आणि विमानप्रवासाची सवलतही होती. म्हणजे पॅकेज म्हणजे नुसता आकडा नव्हे. त्यात आणखी काय काय बसतं, ते विचारायचं असतं.

दोन ढीग करा

बाजारातून भाजी आणली की आपण निवडून वेगवेगळे ढीग करतो ना? पत्र हातात आलं की तसंच करायचं. एक ढीग ‘माझंच होतं’ आणि दुसरा ‘जादा मिळतंय’.

प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे हा पहिला ढीग. हे तुमच्या घामाचे. उद्या साधा राजीनामा दिला तरी ते नियमाप्रमाणे मिळतातच. ग्रॅच्युइटीचा हिशेब घरी बसून करता येतो. ग्रॅच्युइटीसाठी धरला जाणारा शेवटचा महिन्याचा पगार, भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. समजा ही रक्कम ४० हजार आणि सेवा २० वर्षं, तर ग्रॅच्युइटी होते सुमारे ४ लाख ६१ हजार. नोकरी सोडण्याबद्दल म्हणून जे वेगळं मिळतं तो दुसरा ढीग. खरं पॅकेज तेवढंच. अनेकदा दोन्ही ढीग एकत्र करून मोठ्ठा आकडा सांगितला जातो आणि आपण हरखून जातो.

विमानातल्या नोकरीत आणखी एक मेख असते. हातात येणाऱ्या पगारात उडण्याच्या तासांचा भत्ता बराच असतो. घर चालतं त्या सगळ्या पगारावर, हिशेब मात्र सगळ्या पगारावर होत नाही. त्यामुळे अपेक्षेपेक्षा रक्कम कमी निघते.

स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईवर ५ लाखांपर्यंत आयकर माफ असतो, तोही नियमात बसणाऱ्या योजनेसाठी आणि आयुष्यात एकदाच. त्यावरच्या रकमेवर कर बसतो. आणि नोकरीबरोबर काय काय जातं तेही लिहून काढा. कंपनीचं घर, औषधपाणी, प्रवासाची सवलत. मुंबईत कलिन्याच्या वसाहतीतली एअर इंडियाची घरं रिकामी करण्याचा वाद २०२२ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. घर गेलं की भाडं सुरू होतं, आणि ते पॅकेजमधूनच द्यावं लागतं.

आता शेवटचं गणित. समजा सगळे मिळून हातात २५ लाख आले आणि बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले. महिन्याला व्याज पडतं साधारण साडेचौदा हजार. मुद्दलाला हात न लावता एवढ्यात भागेल का? आज भागेल, पण दहा वर्षांनी? शिवाय ज्येष्ठ नागरिकांच्या सरकारी बचत योजनेत स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना ५५ व्या वर्षापासून खातं उघडता येतं, चाळिशीत नाही.

पैसा येतो तेव्हा नातेवाईकही येतात

पॅकेजचा पैसा कुठे जातो हे पाहायला लांब जायला नको. कर्जत-मुरबाड रस्त्याने या. कशेळ्याच्या आसपास, आंबिवलीकडे, पेठच्या किल्ल्याच्या वाटेवर, खांडसकडे. ‘निसर्गाच्या कुशीत प्लॉट’ म्हणून सांगणारे भेटतील. मुंबईचा निवृत्तीचा पैसा या मातीला फार आवडतो!

आपल्याकडच्या बायकांना हे माहीत असतं, पण बाहेरून येणाऱ्या बाईला माहीत नसतं की महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही, आणि हा सगळा भाग ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वस्तीचा. सातबारावर ‘वर्ग २’ लिहिलं असेल तर तीही परवानगीची जमीन. आयुष्यभराची पुंजी देऊन बाई अशा कागदावर बसली तर तिचंही नुकसान आणि ज्याची जमीन गेली त्याचंही.

आणि जमीन घेतलीच, तर सातबारा कुणाच्या नावावर? पैसे हिचे, नाव ह्यांचं, असं किती घरांत होतं ते तुम्हीच आठवून बघा.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे येऊ. पुरुषाने व्हीआरएस घेतली की घर विचारतं, “आता ह्यांचं कसं होणार? दिवसभर काय करणार?” बाईने घेतली की तेच घर म्हणतं, “बरं झालं हो, आता घराकडे लक्ष देता येईल.” सासूबाईंची सेवा, नणंदेचं बाळंतपण, मुलाची दहावी, सगळं तिच्या वाट्याला आधीच लिहून ठेवलेलं असतं. भावाला धंद्याला पैसे हवेत, दिरांना घर बांधायचंय. योजनेचं नाव ‘स्वेच्छा’, पण त्या सहीत तिची इच्छा किती आणि घरादाराची किती, हे कुणी विचारतं का?

म्हणून पत्र आल्यावर पहिले चार दिवस घरात कुणाला आकडा सांगू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कोऱ्या कागदावर दोन ढीग मांडा. खाती आणि हिशेब समजणाऱ्या माणसाला फी देऊन विचारा. पाहुण्याला फुकट विचारू नका. युनियन असेल तर तिथे जा. सोडल्यानंतरचा पहिला सोमवार कसा असेल, तो डोळ्यांसमोर आणा. पैसे फक्त स्वतःच्या नावाच्या खात्यात घ्या. नॉमिनी स्वतः ठरवा. मग ‘हो’ म्हणायचं की ‘नाही’, ते तुम्ही ठरवा. दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात.

आणि ज्यांच्या मुली आता नव्या विमानतळाची स्वप्नं बघतायत त्यांनी एक लक्षात ठेवा. पुष्कळशा नोकऱ्या आता ठरावीक मुदतीच्या करारावर असतात. मुदत संपली की नमस्कार, तिथे व्हीआरएसचं पत्र यायचा प्रश्नच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार अशा मुदतीच्या नोकरीत एक वर्ष भरलं तरी ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. हे मुलीला माहीत हवं. नेमणुकीचं पत्र आलं की पेढे जरूर वाटा, पण ते पत्र आधी तिच्या शेजारी बसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. नोकरीत शिरतानाची सही नीट वाचून करणारी मुलगी बाहेर पडतानाची सहीही कुणाच्या सांगण्यावरून करणार नाही.